विश्लेषण : ट्रेलरवर चढवलेली गाडी घाटातही जागेवर कशी राहते?

बंद पडलेली कार, दुसऱ्या शहरात पाठवायची एसयूव्ही, शेताकडे निघालेला पोकलेन. ट्रेलरवर चढवलेले वाहन ‘जड आहे, हलणार नाही’ असे समजून सोडून दिले जाते. प्रत्यक्षात ते जागेवर राहते ते चार बेल्ट, त्यांचे कोन आणि वाटेतली एक तपासणी यांच्या जोरावर.

पावसाळ्यातली संध्याकाळ. द्रुतगती मार्गाच्या कडेला कार बंद पडली आहे. तासाभराने टोइंगची गाडी येते, विंचने कार वर ओढली जाते, पुढच्या बाजूला एक हुक अडकतो, ‘चला’ म्हणत चालक केबिनमध्ये चढतो. मालकाचे लक्ष मोबाइलवर, चालकाचे पुढच्या कॉलवर. कार मागच्या बाजूने कशाने धरली आहे, हे कोणी पाहिलेले नसते.

बहुतेक वेळा ती गॅरेजपर्यंत नीट पोहोचते. त्यामुळेच सवय जडते. पण एखादा जोरदार ब्रेक, एखादा खोल खड्डा किंवा घाटातले एक वळण पुरते. मग त्याची किंमत मालक मोजत नाही, मागून येणारा दुचाकीस्वार मोजतो.

वजनदार गाडी हलते कशी?

सिमेंटची पोती किंवा लोखंडी पत्रे हलले तर घसरत जातात. गाडीचे तसे नाही. ती चाकांवर उभी असते, म्हणजे हलण्यासाठीच बनलेला हा माल आहे. हँडब्रेक ओढला तरी बहुतेक कारमध्ये तो फक्त मागच्या चाकांना धरतो. पुढची चाके मोकळीच राहतात.

आता आकडे पाहू. माल बांधणीच्या युरोपीय आणि अमेरिकी नियमांत एक गृहीतक समान आहे. जोरदार ब्रेक लागला की मालाच्या वजनाच्या ८० टक्के इतका जोर पुढच्या दिशेने येतो, असे धरून बांधणी करायची. बाजूला आणि मागे ५० टक्के जोर धरायचा. म्हणजे १,००० किलोची छोटी हॅचबॅक ब्रेक लागताच ८०० किलोच्या जोराने चालकाच्या केबिनकडे झेपावते आणि वळणावर ५०० किलोच्या जोराने बाहेर ढकलली जाते. असा ब्रेक ताशी ६० किमी वेगाला लागला, तर ट्रेलर सुमारे १८ मीटरमध्ये थांबतो. रस्त्यावर ही घटना रोजची आहे.

यातला काही भाग टायर आणि ट्रेलरचा पत्रा यांच्यातले घर्षण पेलते. पण पत्रा ओला किंवा तेलकट असला की ते घटते. खड्ड्यात ट्रेलर उडाला, तर क्षणभर टायरवरचा भार जवळपास नाहीसा होतो आणि त्या क्षणी घर्षणही उरत नाही. म्हणून बांधणीचा हिशेब घर्षणाच्या भरवशावर करायचा नसतो.

ब्रेक मारला की कोणता बेल्ट काम करतो?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. गाडी पुढे झेपावते, तेव्हा तिला मागच्या बाजूचे बेल्ट धरतात. कारण गाडीला मागे खेचून ठेवणारे तेच असतात. पुढचे बेल्ट ब्रेकच्या क्षणी उलट सैल पडतात. चढावर ट्रेलरने झटका देऊन वेग घेतला, की पुढच्यांची पाळी येते.

म्हणून ‘पुढून विंचला अडकवली आहे’ ही बांधणी नव्हे. विंचची तार गाडी वर ओढण्यासाठी असते. ब्रेकच्या विरुद्ध ती काहीच करत नाही. अमेरिकेच्या नियमांत ४,५०० किलोपर्यंतच्या कार आणि हलक्या वाहनांसाठी पुढे आणि मागे अशा दोन्ही बाजूंना बंध आवश्यक आहेत. चार कोपरे, चार बंध हा सगळ्यात साधा आणि लक्षात राहणारा नियम.

चारही बेल्ट गाडीपासून बाहेरच्या बाजूला जायला हवेत, म्हणजे पुढचे पुढे आणि मागचे मागे. ते थोडे तिरके असले किंवा एकमेकांना छेदून फुलीसारखे लावले, की बाजूची हालचालही रोखली जाते.

कोनाने काय फरक पडतो?

बेल्ट जितका उभा, तितका तो गाडीला खाली दाबतो, पण पुढे-मागे कमी धरतो. १,००० किलोच्या कारचा ८०० किलोचा जोर मागच्या दोन बेल्टनी पेलायचा आहे, असे समजू. प्रत्येकाच्या वाट्याला ४०० किलो. बेल्ट ट्रेलरच्या तळाशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर त्यात सुमारे ४६० किलोचा ताण येतो. कोन ६० अंश झाला, की तोच ताण ८०० किलो होतो. गाडी तीच, बेल्ट तोच, ब्रेकही तोच. फक्त हुक जवळच्या कडीत अडकवला, एवढाच फरक.

२,००० किलोच्या एसयूव्हीसाठी हा हिशेब थेट दुप्पट होतो. ६० अंशांवर एका बेल्टला १,६०० किलो. आता बेल्टवरचा आकडा पाहणे भाग आहे.

बेल्टवरचा छोटा आकडा मोठा का?

चांगल्या रॅचेट बेल्टला एक लेबल शिवलेले असते. अनेकदा त्यावर दोन आकडे असतात. मोठा आकडा बेल्ट तुटण्याचा, छोटा आकडा कामाच्या मर्यादेचा. दुकानात मोठा आकडा सांगितला जातो, वापरायचा मात्र छोटा. उदाहरणार्थ, अमेरिकेत सर्रास मिळणारा २ इंच रुंदीचा बेल्ट सुमारे ४,५०० किलोला तुटतो, पण त्याची कामाची मर्यादा सुमारे १,५०० किलो असते. वरच्या उदाहरणातली एसयूव्ही उभ्या कोनात बांधली, तर हा बेल्ट पहिल्याच जोरदार ब्रेकला मर्यादा ओलांडतो.

लेबल फाटले असेल, तर त्या बेल्टची ताकद कोणालाच माहीत नसते. कडेला चिरलेला, उन्हाने कडक झालेला, मध्ये गाठ मारलेला बेल्ट बाजूला ठेवावा. गाठीच्या जागी धागे एकमेकांना कापतात आणि बेल्टची ताकद मोठ्या प्रमाणात घटते.

आणि दोरी? नायलॉनची दोरी जोर आला की ताणली जाते, ओली झाली की आणखी सैलावते. चारा किंवा फर्निचर बांधायला ती चालते. गाडीला ती हळूहळू जागा करून देते आणि एकदा जागा मिळाली की प्रत्येक ब्रेकला गाडी धाव घेऊन बेल्टवर आदळते. स्थिर भारापेक्षा हा झटका कितीतरी वाईट. रॅचेटचे बेल्ट पॉलिस्टरचे असतात, त्यामागचे कारण हेच आहे. पॉलिस्टर कमी ताणते.

बांधायचे कुठे, चाकाला की चेसिसला?

गाडी म्हणजे स्प्रिंगवर तरंगणारी बॉडी. बॉडीला बेल्ट लावून कमी ताण दिला, तर खड्ड्यात स्प्रिंग दबते, बॉडी खाली जाते, बेल्ट क्षणभर सैल पडतो आणि उघड्या तोंडाचा हुक कडीतून निसटू शकतो. उलट बेल्ट फार आवळून बॉडी खाली खेचून ठेवली, तर सस्पेन्शनवर प्रवासभर ताण राहतो.

म्हणून साध्या कारसाठी आजची सोपी पद्धत चाक बांधण्याची. रबरी पकड असलेला बेल्ट टायरवरून नेऊन पुढे-मागे ट्रेलरला आवळला जातो. चाक जागेवर राहते, बॉडी वरच्या वर झुलत राहते आणि बेल्टचा ताण बदलत नाही. नव्या गाड्या वाहून नेणाऱ्या कार कॅरिअरवर ही पद्धत पाहायला मिळते. बेल्ट अलॉय व्हीलच्या आऱ्यांतून ओवायचा नाही. रंग जातो आणि आतून ब्रेकच्या नळीला धोका पोहोचतो.

चेसिसला बांधायचे असेल, तर कंपनीने दिलेल्या जागेलाच. बंपर, स्टीअरिंगचा दांडा, सस्पेन्शनचे नाजूक भाग, सायलेन्सर, ब्रेकच्या नळ्या या सगळ्या चुकीच्या जागा. टूलकिटमधला स्क्रूने बसणारा टोइंग हुकही गाडी सरळ रेषेत ओढण्यासाठी असतो, तासन् तास तिरका ताण सहन करण्यासाठी नाही.

हँडब्रेक आणि गिअर या बांधणीला जोड आहेत, पर्याय नाहीत. मॅन्युअल गाडी पहिल्या गिअरमध्ये, ऑटोमॅटिक ‘पी’मध्ये. ‘पी’मध्ये गिअरबॉक्सला धरून ठेवते ती धातूची एक छोटी खुंटी, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके लावले, की घरंगळणे पहिल्याच इंचावर थांबते. सुटा दगड मात्र नको. खड्ड्यात तो स्वतःच रस्त्यावर पडतो.

जीपमागे ट्रेलर असेल, तर वजन कुठे?

रॅलीच्या गाड्या, व्हिंटेज मोटारी, ऑफ-रोडिंगच्या जीप अनेकदा दुसऱ्या गाडीमागे लावलेल्या छोट्या ट्रेलरवर नेल्या जातात. इथे बांधणीआधीचा प्रश्न वजनाच्या जागेचा. भार ट्रेलरच्या चाकांच्या मागे गेला, तर पुढचा जोड वर उचलला जातो, ओढणाऱ्या गाडीची मागची चाके हलकी होतात आणि वेग वाढताच ट्रेलर शेपटासारखा डुलू लागतो.

अमेरिकेतला प्रचलित नियम असा, की ट्रेलर आणि मालाच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार जोडावर यावा. कार १,००० किलो आणि ट्रेलर ५०० किलो असेल, तर जोडावर १५० ते २२५ किलो. अर्थात, ओढणाऱ्या गाडीचा जोड तेवढा भार घेण्यास सक्षम असायला हवा. इंजिन पुढे असलेली कार तोंड पुढे करून चढवतात, ती यासाठी. चालता चालता ट्रेलर डुलायला लागलाच, तर करकचून ब्रेक मारणे आणि स्टीअरिंग उलटसुलट फिरवणे टाळावे. ॲक्सिलरेटर सोडून स्टीअरिंग सरळ धरावे आणि वेग आपोआप उतरू द्यावा.

इलेक्ट्रिक कार आणि दुचाकीचे वेगळे काय?

इलेक्ट्रिक कारची मोटर चाकांना जोडलेलीच असते. ती चाके जमिनीवर ठेवून गाडी ओढली, तर मोटर फिरून वीज तयार करते आणि यंत्रणा बिघडू शकते. त्यामुळे कंपन्या सहसा चारही चाके उचलून, म्हणजे फ्लॅटबेडवरच, गाडी नेण्यास सांगतात. बॅटरी तळाशी असल्याने साखळी किंवा हुक तिथे टेकू द्यायचा नाही. लहान १२ व्होल्टची बॅटरी संपली, तर इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक सुटत नाही. अशा वेळी चाकांखाली ढकलगाडी लावून कार चढवावी लागते. लॉक झालेली चाके फरफटवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. टोइंगला फोन करतानाच ‘गाडी इलेक्ट्रिक आहे’ हे सांगावे.

दुचाकी स्टँडवर उभी करून बांधणे ही नेहमीची चूक. हादऱ्याने स्टँड मिटतो किंवा वाकतो. तिचे पुढचे चाक खाचेत किंवा भिंतीला टेकवून, पुढच्या दोन्ही बाजूंनी बेल्ट खाली आणि पुढे ओढून, पुढचे सस्पेन्शन थोडे दाबून बांधतात. पूर्ण दाबले, तर सील फुटून तेल गळू शकते. मागच्या चाकाला आणखी एक-दोन बेल्ट लागतात, नाहीतर मागचा भाग वळणावर बाजूला सरकतो.

पोकलेनला साखळीच का?

फ्रान्सच्या पोक्लेन या कंपनीचे नाव मराठीत सगळ्याच खोदाई यंत्रांना चिकटले. नेहमीच्या वापरातले असे यंत्र २० टनांच्या आसपास असते. त्याचे लोखंडी पट्टे आणि ट्रेलरचा लोखंडी तळ यांच्यातले घर्षण फारच कमी. म्हणून लो-बेड ट्रेलरच्या तळावर लाकडी फळ्या असतात. लोखंडाच्या धारेवर बेल्ट कापला जातो, त्यामुळे इथे साखळ्या आणि त्या आवळणारे लोड बाइंडर हवेत. अमेरिकेत ४,५०० किलोवरच्या यंत्रांना चार बाजूंनी किमान ४ बंध लागतात. शिवाय बूम आणि बकेट खाली टेकवून बांधावी लागते.

ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. वर राहिलेला बूम पुलाला, रेल्वे फाटकाच्या उंची रोधकाला किंवा विजेच्या तारेला लागतो. वरचा भाग फिरू नये म्हणून असलेले लॉक लावले नाही, तर वळणावर बूम शेजारच्या लेनमध्ये जातो. २० टनी यंत्राची रुंदी साधारण २.८ मीटर असते, तर आपल्याकडे वाहनाच्या रुंदीची सर्वसाधारण मर्यादा २.६ मीटर आहे. म्हणून अशा वाहतुकीला वेगळी परवानगी लागते.

घाटाआधी थांबायचे का?

निघताना आवळलेला बेल्ट पहिल्या काही किलोमीटरमध्ये हमखास थोडा सैलावतो. टायर बसतात, हुक फिरून आपली जागा घेतो, बेल्टची घडी सरळ होते. त्यामुळे अमेरिकी नियम सांगतो, की निघाल्यावर पहिल्या ५० मैलांत, म्हणजे ८० किमीच्या आत, बांधणी पुन्हा तपासा आणि पुढे दर २४० किमीला किंवा ३ तासांनी तपासत राहा.

महाराष्ट्रात मात्र ८० किमीपर्यंत थांबणे उशिराचे ठरू शकते. पुण्याहून लोणावळा सुमारे ६५ किमी आणि लगेच बोरघाटाचा उतार. नाशिकहून इगतपुरी सुमारे ४५ किमी आणि पुढे कसारा घाट. म्हणजे बेल्ट सैलावण्याचे अंतर संपते तिथेच त्यांची खरी परीक्षा सुरू होते. घाट उतरताना ब्रेक पुन्हा पुन्हा लागतात आणि उतारामुळे गाडीचे वजनही पुढे ओढत असते. म्हणून इथला नियम साधा ठेवता येतो. निघाल्यावर १०-१५ किमीवर एकदा आणि घाट सुरू होण्याआधी एकदा थांबायचे, चारही बेल्ट हाताने दाबून पाहायचे.

याला पाच मिनिटे लागतात. खेपेवर पैसे मिळणाऱ्या चालकाला त्या पाच मिनिटांचे काही मिळत नाही. भाडे ठरवताना ‘घाटाआधी थांबून बेल्ट पाहा’ एवढे बोलून घेणे म्हणूनच मालकाच्या हाती असते.

कायदा आणि विमा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४ (१ए) नुसार माल बाजूने, पुढे, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला, तर २० हजार रुपये दंड होतो. शिवाय माल उतरवण्याचा खर्चही भरावा लागतो. ट्रेलरच्या मागे लोंबणारी गाडी किंवा बाजूला गेलेली यंत्राची चाके यात येतात.

विम्याबाबत एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. आपल्याकडच्या प्रमाणित सर्वसमावेशक मोटार पॉलिसीत स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या कारणांमध्ये रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग, हवाईमार्ग यांनी वाहून नेताना होणारे नुकसानही धरलेले असते. फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर हे संरक्षण मिळत नाही. गाडी दुसऱ्या शहरात पाठवताना वाहतूकदार ‘ट्रान्झिट विमा’ म्हणून वेगळे पैसे मागत असेल, तर आधी स्वतःची पॉलिसी वाचावी आणि मग त्या विम्याची प्रत मागावी.

गाडी सोपवताना काय पाहाल?

- चारही कोपऱ्यांना बंध आहेत का? मागचे दोन नक्की आहेत का?
- बेल्टवर वाचता येणारे लेबल आहे का? चीर, गाठ किंवा जळका भाग आहे का?
- बेल्ट बंपर किंवा स्टीअरिंगच्या भागाला नाही ना?
- हँडब्रेक ओढला आहे का? गाडी गिअरमध्ये आहे का? चाकांना गुटके आहेत का?
- बेल्टची लोंबणारी टोके गुंडाळून बांधली आहेत का? वाऱ्याने फडफडणारे टोक चाकात जाऊ शकते.
- विंच सोडून गाडी फक्त बेल्टवर उभी करून पाहिली का?
- गाडीचे चारही बाजूंनी आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढले का?
- गाडीतले सुटे सामान काढले का? फास्टॅग झाकला का? टोलनाक्यावरचा सेन्सर ट्रेलरवरच्या गाडीचा टॅग वाचू शकतो.

शेवटची चाचणी सगळ्यात सोपी आहे. बेल्ट आवळून झाल्यावर गाडीला हाताने जोरात ढकलून पाहायचे. गाडी आणि ट्रेलर एकत्र हलले, तर बांधणी ठीक आहे. गाडी एकटी हलली, तर ट्रेलर अजून निघायच्या तयारीत नाही.